आस, पुल्लिंगी

विज्ञानाने मोटर आणली. गणिताने दात मोजले,
पुढे अकरा, मागे चव्वेचाळीस.
भूगोलाने पाण्याची बाटली आडवी धरून
शाळेच्या चढाचा कोन काढला.
चित्रकलेने रंग निवडला, तो कुणालाच आवडला नाही.
मी मराठीची बाई.
बैठक उठता उठता पार्सेकर सर माझ्याकडे वळले,
"तुम्ही नाव सुचवा. आणि अहवाल लिहा."

डिचोलीबाहेरचा हा चढ
बचतगटाच्या बाया रोज अकराला चढतात,
एकीच्या डोक्यावर पावांची टोपली,
दोघींच्या मधे भाजीचं पातेलं.
वळणावर पातळ भाजी थोडी सांडते,
तिथे कावळे आधीच येऊन बसलेले असतात.
नववी ब म्हणाली, आपण हिच्यासाठी गाडी करू.
हिच्यासाठी म्हणजे कुणासाठी, मी विचारलं.
भाजीसाठी, बाई.

सुहेल खतीबच्या दारात टिपर उभा आहे,
खाण बंद झाली तेव्हापासून.
चाकांतून वेल वर गेलीय, बोनेटखाली मांजर व्यालंय.
त्याने त्यातली सीट आणली, आरसा आणला.
हॉर्न काढताना मात्र
बापाला विचारलं नाही.

आल्विता फुर्तादो वहीत सुटे भाग लिहीत होती,
प्रत्येकाला मराठी शब्द हवा म्हणाली.
ब्रेक मी ब्रेकच ठेवला.
चेनला साखळी म्हटलं, तर वल्लभ मळीक म्हणाला,
"बाई, साखळी तर पुढचा गाव."
मग तिने ग्रीसचं बोट अ‍ॅक्सलवर टेकवलं.
आस, मी म्हटलं.
"आस म्हणजे इच्छा ना?"
ती आस स्त्रीलिंगी. हा आस पुल्लिंगी.
ती लागते, हा बसवावा लागतो.
भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वी ह्याच्याभोवती फिरते.
तिच्याभोवती कोण फिरतं
हे मी सांगणार होते,
पण तिला बेअरिंग धुवायचं होतं.

पहिल्या शनिवारी गाडी मागे गेली.
सरळ मागे, शांतपणे, जणू तेच ठरलं होतं,
आणि मुख्याध्यापकांच्या स्कूटरला टेकून थांबली.
वायरी उलट जोडलेल्या.
अहवालात मी लिहिलं,
'वाहनाने प्रथम माघार घेतली.'
सर म्हणाले, हे खोडा.
मी खोडलं नाही.

दुसऱ्या शनिवारी पातेल्यात भाजीऐवजी पाणी.
अर्धा चढ गेली, वळणावर कण्हली, थांबली.
उर्वीने आपलं दप्तर उतरवलं, मग वल्लभला उतरवलं,
वजन वजा करत करत
सगळे रस्त्यावर आले तरी ती हलेना.
सुहेलने रागाने हॉर्न दाबला.

एवढीशी तीनचाकी, आणि आवाज
दहा टन खनिज भरलेल्या टिपरचा.
खालच्या वाड्यातली कुत्री उठली.
थोड्या वेळाने चढावरून एक माणूस वर येताना दिसला,
लुंगी, हातात चहाचा ग्लास तसाच.
आपला हॉर्न तो घरातून ओळखून आला होता.

सुहेल आरशामागे लपायला बघत होता,
आरसा वीतभर.
माणसाने आधी सीट पाहिली, मग आरसा, मग मुलाला.
ग्लास माझ्या हातात दिला.
उकिडवा बसून आसावरून हात फिरवला,
जसा वैद्य गुराच्या पायावरून फिरवतो.
"हांगा घासता," म्हणाला,
आणि नट चतकोर फेरा सैल केला.

वल्लभ म्हणाला, तुम्हीच बसा, सीट तुमचीच.
तो बसला नाही.
सीटच्या पाठीवर हात ठेवून
चढ संपेपर्यंत गाडीबरोबर चालत राहिला.
ढकलत होता की धरून होता
हे मला अहवालात नीट लिहिता आलं नाही.

नावाची जागा अजून कोरी आहे.
मुलं म्हणतात ती गाडी,
बचतगटाच्या बाया म्हणतात तो गाडो.
भाजी वळणावर अजून सांडते,
पूर्वीपेक्षा कमी.
कावळ्यांची तक्रार आहे.